पत्ता यंत्राचा की माणसाचा? लॅपटॉपच्या बारा चिन्हांचा इतिहास

१/
ऑक्टोबर २०१०चा आरंभ. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एमआयटी या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेच्या जाळ्यावर एका लॅपटॉपच्या पत्त्यातील एकच अक्षर बदलले. बारा चिन्हांच्या त्या पत्त्याच्या शेवटी ‘बी’ होते, तेथे ‘सी’ आले. नऊ महिन्यांनी अमेरिकेच्या केंद्रीय सरकारी वकिलांनी दाखल केलेल्या आरोपपत्रात या बदलाची नोंद झाली.

२/
ही बारा चिन्हे म्हणजे संगणकाचा मॅक पत्ता. प्रत्येक लॅपटॉपमध्ये तो असतो. बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. तो कोणी ठरविला, कशासाठी ठरविला, आणि यंत्र ओळखण्यासाठी केलेली ही खूण माणसाचा माग काढण्याच्या कामी कशी आली, याचा हा इतिहास.

३/
प्रथम नावाविषयी. ‘मॅक’ हे ‘मीडिया अ‍ॅक्सेस कंट्रोल’ या शब्दांचे लघुरूप. एकाच तारेवर वा एकाच लहरीवर अनेक यंत्रे बोलत असतील, तर कोणी केव्हा बोलावे याचे नियमन, असा त्याचा अर्थ. अ‍ॅपल कंपनीच्या १९८४ सालच्या मॅकिंटॉश संगणकाशी या नावाचा काही संबंध नाही. यालाच हार्डवेअर पत्ता, भौतिक पत्ता किंवा इथरनेट पत्ता असेही म्हणतात.

४/
या नियमनाची कथा पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर सुरू होते. १९७१ साली तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अलोहानेट’ हे जाळे उभारले. बेटाबेटांवरील केंद्रे रेडिओलहरींनी मुख्य संगणकाशी बोलत. दोघे एकाच वेळी बोलले तर संदेश एकमेकांवर आदळून नष्ट होत. मग थोडे थांबून पुन्हा पाठवायचे. कल्पना साधी होती, पण तिच्यातूनच पुढचे सारे निघाले.

५/
कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील रॉबर्ट मेटकाफ यांनी अलोहानेटचा बारकाईने अभ्यास केला होता. २२ मे १९७३ रोजी त्यांनी एक अंतर्गत टिपण लिहिले आणि केंद्रातील ‘आल्टो’ संगणक एकाच तारेने जोडण्याची योजना मांडली. जाळ्याला नाव दिले ‘इथर’. प्रकाशलहरी ज्या माध्यमातून वाहतात असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानीत, ते हे कल्पित माध्यम.

६/
मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी उभारलेल्या त्या पहिल्या इथरनेटवर पत्ता अवघ्या ८ बिटांचा होता. म्हणजे जास्तीत जास्त २५६ क्रमांक. एका इमारतीसाठी ते पुरेसे होते. कोणत्या यंत्राला कोणता क्रमांक द्यायचा, हे त्या जाळ्याची देखभाल करणाऱ्यांनी ठरवावे, ही रीत. शाळेच्या वर्गातील हजेरी क्रमांकासारखी: वर्गापुरता चोख, वर्गाबाहेर निरर्थक.

७/
अडचण तेथेच होती. एका वर्गातील १७ क्रमांकाचा विद्यार्थी दुसऱ्या वर्गात गेला, तर तेथे आधीच १७ क्रमांकाचा कोणी बसलेला असतो. यंत्र एका जाळ्यावरून दुसऱ्या जाळ्यावर नेले की क्रमांक बदलावा लागे. आणि बदलायला विसरले तर? एकाच क्रमांकाची दोन यंत्रे एका तारेवर येत आणि कोणाचा संदेश कोणाला, याचा गोंधळ उडे.

८/
झेरॉक्सला इथरनेट प्रयोगशाळेबाहेर काढून बाजारात विकायचे होते. हजारो कार्यालये, हजारो जाळी, आणि क्रमांक वाटून देणारा जाणकार प्रत्येक ठिकाणी मिळणे अशक्य. यंत्र खोक्यातून काढावे, तारेला जोडावे आणि ते चालू व्हावे, यासाठी काय करता येईल? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत मुंबईत शिकलेला एक अभियंता होता.

९/
त्यांचे नाव योगेन दलाल. पवईच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. डिसेंबर १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासह त्यांनी टीसीपी या संदेशवहन पद्धतीचा पहिला सविस्तर आराखडा लिहिला. आजचे इंटरनेट ज्या पायावर उभे आहे, त्यातील हा एक आद्य दस्तऐवज. १९७७च्या सुमारास दलाल झेरॉक्समध्ये रुजू झाले.

१०/
दलाल आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट प्रिंटिस यांनी ऑक्टोबर १९८१ मध्ये एका परिषदेत शोधनिबंध सादर केला. यंत्रांसाठी ४८ बिटांचे ‘निरपेक्ष’ क्रमांक, हा त्याचा विषय. निरपेक्ष म्हणजे जागेवर अवलंबून नसलेला. यंत्र कोणत्या जाळ्यावर आहे, कोणत्या देशात आहे, कोणाच्या टेबलावर आहे, याच्याशी क्रमांकाचा संबंध नसावा. जगात तो एकाच यंत्राचा असावा आणि कायमचा असावा.

११/
फरक समजण्यास आपल्याकडील दोन क्रमांक पुरेत. पिनकोड हा जागेचा क्रमांक: घर बदलले की तो बदलतो आणि तो वाचून टपाल कोणत्या दिशेला न्यायचे हे कळते. मोटारीचा चेसिस क्रमांक हा वस्तूचा क्रमांक: गाडी कोल्हापुरात असो वा नागपुरात, तो बदलत नाही, आणि तो वाचून गाडी कोठे आहे हे कळत नाही. दलाल आणि प्रिंटिस यांनी संगणकाला चेसिस क्रमांक दिला.

१२/
पण ४८ बिटच का? दोन यंत्रांना एकच क्रमांक कधीही मिळता कामा नये, आणि क्रमांक कधी संपता कामा नयेत. ४८ बिटांतून सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे क्रमांक तयार होतात. १९८० साली जगाची लोकसंख्या साधारण साडेचारशे कोटी होती. माणशी ६० हजारांहून अधिक क्रमांक येतील एवढा हा साठा. घरोघरी संगणक पोहोचलेले नव्हते अशा काळात हा विचार झाला, हे विशेष.

१३/
निबंध वाचला जाण्यापूर्वीच व्यवहार सुरू झाला होता. ३० सप्टेंबर १९८० रोजी डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी इथरनेटचे संयुक्त मानक प्रसिद्ध केले. वेग सेकंदाला १ कोटी बिट, पत्ता ४८ बिटांचा. मेटकाफ यांनी आदल्या वर्षी झेरॉक्स सोडून ‘थ्रीकॉम’ ही स्वतःची कंपनी काढली होती. इथरनेटची कार्डे विकणे हा तिचा धंदा झाला.

१४/
आता प्रश्न वाटपाचा. जगभरचे कारखाने कार्डे बनविणार. क्रमांकांची पुनरावृत्ती टाळायची कशी? युक्ती अशी: पत्त्याचे दोन भाग करायचे. पहिले २४ बिट निर्मात्याचे, ते एका मध्यवर्ती कचेरीने नेमून द्यायचे. उरलेले २४ बिट निर्मात्याने आपल्या मालावर क्रमाने घालायचे. एका गटातून १,६७,७७,२१६ पत्ते निघतात. कारखान्यांनी एकमेकांना विचारण्याची गरजच उरली नाही.

१५/
ही मध्यवर्ती कचेरी आरंभी झेरॉक्सच होती. पुढे हे काम आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे गेले आणि आजही तिच्याकडेच आहे. त्या वहीची पहिली पाने आजही वाचता येतात. ००-००-०० पासून ००-००-०९ पर्यंतचे गट झेरॉक्सचे. ०८-००-२० म्हणजे सन मायक्रोसिस्टम्स, ०८-००-०७ म्हणजे अ‍ॅपल, ००-००-०सी म्हणजे सिस्को. जुन्या संस्थानांच्या मुद्रांसारखी ही यादी आहे.

१६/
लिहिण्याची पद्धतही तेव्हाचीच. ४८ बिट शून्य-एकाच्या रूपात लिहिले तर वाचणे कठीण. म्हणून चार-चार बिटांचे बारा गट पाडतात आणि प्रत्येकासाठी एक चिन्ह वापरतात. ० ते ९ हे दहा अंक आणि ए ते एफ ही सहा अक्षरे, मिळून सोळा चिन्हे. त्यांच्या जोड्यांमध्ये आडवी रेघ किंवा विसर्गासारखे दोन ठिपके. यामुळेच पत्त्यात अंकांमध्ये अधूनमधून अक्षरे दिसतात.

१७/
याच काळात इंटरनेटचा आयपी पत्ताही निश्चित झाला. तो ३२ बिटांचा आणि पिनकोडसारखा, जागेवर अवलंबून असलेला. ३२ बिटांत ४८ बिट मावणे शक्य नव्हते. मग जोडणी कशी? नोव्हेंबर १९८२ मध्ये एमआयटीतील डेव्हिड प्लमर यांनी ‘एआरपी’ ही पद्धत मांडली. यंत्र जाळ्यावर सर्वांना विचारते, ‘अमुक आयपी पत्ता कोणाचा?’ ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता कळवितो. ही हाक आजही घरोघरच्या वायफायवर अखंड चालू आहे.

१८/
निरपेक्ष क्रमांकाचे खरे फळ दशकाच्या उत्तरार्धात दिसले. दोन तारा जोडणारे ‘ब्रिज’ नावाचे यंत्र आले. कोणता पत्ता कोणत्या बाजूने बोलतो, हे ते नुसते ऐकून शिके आणि आपल्या तक्त्यात नोंदवी. पत्ते जगात अद्वितीय होते म्हणूनच हे शक्य झाले. १९९० साली ‘कल्पना’ या कंपनीने अनेक दारांचा इथरनेट स्विच विक्रीस आणला. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

१९/
स्विचचा हा तक्ता पुढील कथेत महत्त्वाचा आहे. प्रत्येक दाराशी कोणता मॅक पत्ता आहे, हे तो सांगतो. दाराला तार जोडलेली असते, आणि तार कोणत्या तरी खोलीत जाते. जो क्रमांक जागेपासून मुक्त असावा म्हणून जन्माला आला, त्याच्या आधारे यंत्राची नेमकी जागा शोधता येऊ लागली. चेसिस क्रमांक गाडीचा पत्ता सांगत नाही. पण प्रत्येक नाक्यावर तो टिपला जात असेल, तर गाडी सापडते.

२०/
आता लॅपटॉपकडे. आरंभीच्या लॅपटॉपमध्ये जाळ्याची सोय नसे. प्रिंटरच्या जागी लावायचे छोटे जोडयंत्र किंवा पत्त्याच्या पानाएवढे कार्ड विकत घ्यावे लागे. मॅक पत्ता त्या कार्डावरील चिमुकल्या स्मृतीत कोरलेला असे. कार्ड मित्राला दिले की पत्ताही त्याच्याकडे जाई. म्हणजे ‘लॅपटॉपचा पत्ता’ हा शब्दप्रयोगच सैल आहे. पत्ता असतो तो जोडणीच्या अवयवाचा.

२१/
दलाल आणि प्रिंटिस यांच्या मनात मात्र पूर्ण यंत्राला एकच क्रमांक देण्याची कल्पना होती. सन मायक्रोसिस्टम्सने तिचे काही काळ पालन केले: त्यांच्या संगणकात कितीही कार्डे असली तरी सर्वांचा पत्ता एकच. बाकी बाजाराने दुसरी वाट धरली. १९९७ साली वायफायचे पहिले मानक आले, १९९९ साली अ‍ॅपलने आयबुकसोबत वायफाय सामान्य ग्राहकापर्यंत नेले. आज एका लॅपटॉपमध्ये तारेचा, वायफायचा आणि ब्लूटूथचा असे तीन वेगळे पत्ते असू शकतात.

२२/
पत्ता ‘कोरलेला’ असतो, हेही पूर्ण सत्य नव्हे. कार्डातील स्मृतीत तो कोरलेला असतो खरा. पण संगणक सुरू झाल्यावर तो तेथून वाचला जातो आणि संदेशावर घातला जातो. वाचणारी आज्ञावली त्याऐवजी दुसरा पत्ताही घालू शकते. १९८०च्या दशकात डिजिटल कंपनीची ‘डेकनेट’ पद्धत हे उघडपणे करीत असे: प्रत्येक यंत्राचा पत्ता सुरू होताच बदलून एए-००-०४ ने आरंभ होणारा केला जाई. बदल ही लबाडी नव्हती. ती सोय होती.

२३/
मानकातही तिला जागा ठेवली गेली. पहिल्या जोडीतील एक बिट सांगतो की हा पत्ता कारखान्याचा नसून स्थानिक व्यवस्थेने घातलेला आहे. पत्त्याचे दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो असा स्थानिक पत्ता समजावा. थ्रीकॉमचा ०२-६०-८सी आणि डिजिटलचा एए-००-०४ हे जुने गट याला अपवाद. हा नियम होण्यापूर्वी त्यांचे वाटप झाले होते.

२४/
१९९०च्या दशकाच्या अखेरीस या क्रमांकाची दुसरी बाजू उघड झाली. कोणतीही फाइल वा वस्तू जगात अद्वितीय ठरविण्यासाठी संगणक एक लांब ओळखक्रमांक बनवीत. तो बनविण्याची सोपी रीत म्हणजे तेव्हाची वेळ आणि नेटवर्क कार्डाचा पत्ता एकत्र करणे. मार्च १९९९ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले की मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मध्ये लिहिलेल्या दस्तऐवजांत असा क्रमांक गुपचूप दडलेला असतो.

२५/
म्हणजे निनावी पत्र लिहिणाऱ्याने सही केली नाही, तरी कागदावर त्याच्या यंत्राचा शिक्का होताच. त्याच महिन्यात ‘मेलिसा’ हा विषाणू ईमेलद्वारे जगभर पसरला, आणि त्याच्या कर्त्याचा माग काढताना संशोधकांनी याच क्रमांकाकडे पाहिले. टीका वाढल्यावर मायक्रोसॉफ्टने हा क्रमांक घालणे बंद करण्याची सोय दिली. कोणाही अभियंत्याने पाळत ठेवण्यासाठी हे केले नव्हते. अद्वितीय क्रमांक आयता हाताशी होता, एवढेच कारण.

२६/
हीच चूक इंटरनेटच्या नव्या आवृत्तीतही झाली. १९९८ साली आयपी आवृत्ती ६च्या नियमांत यंत्राने आपला पत्ता स्वतः तयार करण्याची सोय होती. मॅक पत्त्याच्या मधोमध एफएफ-एफई घालून त्याचे ६४ बिट करायचे आणि ते आयपी पत्त्याच्या उत्तरार्धात ठेवायचे. परिणाम असा की लॅपटॉप घरी असो, ग्रंथालयात असो वा परदेशात, पत्त्याचा अर्धा भाग तोच. प्रत्येक संकेतस्थळाला तो दिसे. जानेवारी २००१ मध्ये यादृच्छिक पत्त्यांचा पर्याय मांडला गेला.

२७/
या पार्श्वभूमीवर २०१० सालच्या एमआयटीकडे पुन्हा पाहावे लागते. अ‍ॅरन स्वार्ट्झ तेव्हा २३ वर्षांचे होते. संकेतस्थळांवरील नवा मजकूर वाचकापर्यंत पोहोचविणाऱ्या आरएसएस या मानकाच्या कामात त्यांनी किशोरवयातच भाग घेतला होता. ज्ञान सर्वांना खुले असावे, हा त्यांचा आग्रह. आरोपपत्रानुसार सप्टेंबर २०१०च्या अखेरीस त्यांनी एक नवा लॅपटॉप पाहुणा म्हणून खोट्या नावाने एमआयटीच्या जाळ्यावर नोंदविला.

२८/
त्या लॅपटॉपवरून जेस्टोर या संशोधनलेखांच्या संग्रहातून लेख झपाट्याने उतरवून घेतले जाऊ लागले. जेस्टोरने त्याचा आयपी पत्ता बंद केला. लॅपटॉपने दुसरा घेतला. तेव्हा एमआयटीने मॅक पत्ताच अडविला. आयपी पत्ता जागेचा, तो बदलणारच. मॅक पत्ता यंत्राचा, तो अडविला की यंत्र अडले, असा हा हिशेब. त्यानंतर शेवटच्या ‘बी’चा ‘सी’ झाला आणि यंत्र नव्या नावाने पुन्हा दारात उभे राहिले.

२९/
जानेवारी २०११च्या आरंभी जाळ्यावरील वाहतुकीचा माग काढीत कर्मचारी एका इमारतीच्या तळघरातील तारांच्या खोलीपर्यंत पोहोचले. तेथे स्विचला थेट जोडलेला लॅपटॉप एका खोक्याखाली झाकलेला आढळला. खोलीत कॅमेरा बसविण्यात आला, आणि ६ जानेवारी रोजी स्वार्ट्झ यांना अटक झाली. शोधाचे दोन टप्पे येथे स्पष्ट दिसतात. जाळ्याने यंत्र दाखविले. माणूस दाखविला तो कॅमेऱ्याने.

३०/
जुलै २०११ मध्ये केंद्रीय आरोपपत्र दाखल झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये कलमांची संख्या १३ झाली. आरोप केवळ पत्ता बदलल्याचा नव्हता. फसवणूक आणि अनधिकृत प्रवेश हे त्याचे मुख्य सूत्र होते. पण पत्त्यातील बदल हा फसवणुकीच्या हेतूचा पुरावा म्हणून मांडला गेला. स्वार्ट्झ यांनी आरोप अमान्य केले. ११ जानेवारी २०१३ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, वयाच्या २६व्या वर्षी त्यांनी आपले जीवन संपविले. तीन दिवसांनी आरोप मागे घेण्यात आले.

३१/
त्यामुळे एका प्रश्नाचा न्यायालयीन निकाल कधीच लागला नाही. यंत्राच्या पत्त्यातील एक अक्षर बदलणे म्हणजे खोटे नाव सांगणे की नुसती एक तांत्रिक मांडणी बदलणे? दलाल आणि प्रिंटिस यांच्या निबंधात क्रमांक यंत्राचा होता. माणसाचे नाव त्याला चिकटविले ते नंतरच्यांनी. पाहुण्यांना प्रवेश देणाऱ्या, अडविणाऱ्या आणि पुढे खटला भरणाऱ्या सर्वांनी त्या बारा चिन्हांकडे ओळखपत्र म्हणून पाहिले. ती ओळखपत्र म्हणून घडलीच नव्हती.

३२/
त्याच वर्षी, ऑगस्ट २०१३ मध्ये, लंडनच्या सिटी भागातील काही कचराकुंड्या वादात सापडल्या. पडद्यावर जाहिराती दाखविणाऱ्या या कुंड्या जवळून जाणाऱ्यांच्या फोनचे मॅक पत्ते टिपीत होत्या. वायफाय चालू असलेला फोन ओळखीचे जाळे शोधण्यासाठी सतत हाका मारतो, आणि प्रत्येक हाकेत आपला पत्ता सांगतो. कोण कितीदा, कोणत्या रस्त्याने गेले, हे त्यावरून मोजता येत होते. वृत्त प्रसिद्ध होताच स्थानिक प्रशासनाने हा प्रकार थांबविण्यास सांगितले.

३३/
मग वारे फिरले. सप्टेंबर २०१४ मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या आठव्या आवृत्तीत जाळे शोधताना बनावट, यादृच्छिक पत्ता वापरण्यास आरंभ केला. २०१९ साली अँड्रॉइड १०ने आणि २०२० साली आयफोनच्या चौदाव्या आवृत्तीने प्रत्येक वायफायसाठी वेगळा पत्ता ही नेहमीची पद्धत केली. विंडोजच्या लॅपटॉपमध्येही ही सोय आहे. जो बदल २०११ साली आरोपपत्रात हेतूचा पुरावा होता, तोच दशकभरात कोट्यवधी यंत्रे धन्याला न विचारता, त्याच्या रक्षणासाठी करू लागली.

३४/
आज हा इतिहास अनेकांना प्रथम भेटतो तो वसतिगृहात. इंटरनेटसाठीच्या अर्जावर ‘लॅपटॉपचा मॅक पत्ता’ असा रकाना असतो. विंडोजमध्ये काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘ऑल’ या जोडशब्दासह दिली की ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ या नावाने तो दिसतो. लिनक्सवर ‘आयपी लिंक’ ही आज्ञा, अ‍ॅपलच्या संगणकावर सेटिंग्जमधील वायफायचा तपशील. काही लॅपटॉपच्या खोक्यावरही तो छापलेला असतो.

३५/
तेथे एक नव्हे, दोन-तीन पत्ते दिसतील. वायफायसाठी अर्ज असेल तर वायफायचाच लिहावा. यूएसबीने जोडलेल्या तारेच्या जोडयंत्राचा लिहिला, तर ते जोडयंत्र ज्याच्याकडे जाईल, त्याच्याकडे परवानगीही जाईल. आणि पत्त्याचे दुसरे चिन्ह पाहावे. ते २, ६, ए किंवा ई असेल, तर तो कारखान्याचा पत्ता नसून यंत्राने स्वतः घातलेला आहे; उद्या तो बदलला तर नोंदणी निष्फळ ठरेल.

३६/
अर्जाचा तो रकाना विद्यार्थ्याच्या नावाशेजारी असतो. ही दोन नोंदी शेजारी येण्यास बराच काळ लागला, आणि त्यांच्यामधील धागा अजूनही कच्चा आहे. बारा चिन्हे एवढेच सांगतात की अमुक पत्ता सांगणारे एक यंत्र जाळ्यावर होते. त्यापुढे कोण बसले होते, हे ती सांगत नाहीत. १९८१ सालीही ती ते सांगण्यासाठी नव्हती.

(धागा समाप्त)